मिस ओझेला आणि निळ्या काठाचा कप

आमच्या अलाबामातल्या गावात मिस ओझेलांना न घाबरणारा माणूस मी पाहिला नाही. प्रवचन लांबलं की पास्टरसुद्धा आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी उभा जन्म काढला. वाढताना पळी सढळ आणि जीभ त्याहून सढळ. तरी पोरं त्यांच्यापुढेच रांग लावायची. आता त्या नाहीत, आणि जानेवारी आला की मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

जानेवारीत, आम्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या डॉक्टर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. 'लोळत पडू नका, कुणाच्या तरी उपयोगी पडा,' असं चर्चमध्ये पोरांना सांगतात. एके वर्षी पोरांनी चर्चमागची जुनी दफनभूमी साफ करायला घेतली. पोरं आमचीच, पण आईबापांच्या नोकऱ्यांपायी शहरात वाढलेली.

दुपारी मी मिस ओझेलांना गाडीतून घेऊन गेले. त्यांच्या मांडीवर पोरांसाठी मक्याचा गरम पाव होता. पोरांची म्होरकी निया धावत आली.

"मिस ओझेला, बघा कसं लख्ख केलंय!"

खरंच लख्ख होतं. गवत नाही, वेली नाहीत. कप नाहीत, बशा नाहीत, बंद पडलेली घड्याळं नाहीत.

आमच्यात माणूस ज्या कपातून शेवटचं प्यायला, तो फोडून त्याच्या कबरीवर ठेवतात; सोबत त्याची बशी, मरणाच्या वेळेला थांबवलेलं घड्याळ. कप फुटला की मरणाची साखळी तुटते. त्याच्यामागून घरातलं दुसरं कुणी जात नाही. पोरांना हे आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. फुटकं दिसलं ते त्यांनी पोत्यात भरलं, आणि कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

"माझा भाऊ कुठाय गं?" मिस ओझेलांनी विचारलं.

थर्मन त्यांचा धाकटा भाऊ. काळ्यांना मत देऊ द्यायचे नाहीत त्या काळी मतदारयादीत नाव घालायला कचेरीच्या पायऱ्यांवर उभा राहिला म्हणून तुरुंगात गेला, तिथून खोकला घेऊन आला आणि त्यातच गेला. तेव्हा दगड बसवायची ऐपत नव्हती. पुढे ऐपत आली, तर याच म्हणाल्या, "आईने कप ठेवलाय ना? मी कशाला हात लावू?" निळ्या काठाचा तो कप, एवढीच त्याची खूण.

देवदाराखाली तीन उंचवटे होते, तिन्ही बोडके. त्यातला थर्मन कोणता, ते त्यांना सांगता येईना. इतकी वर्षं त्या कपाकडे बघून चालत आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प झालेलं पाहिलं. निया हुंदके द्यायला लागली.

मग त्या माझ्यावर खेकसल्या, "बघतेस काय? चर्चच्या कपाटातून तीन कप घेऊन ये."

कप त्यांनी नियाच्या हाती दिले. "फोड. नीट फोड, लाजू नकोस. सकाळी नाही लाजलीस ती."

तिने फोडले. मिस ओझेलांनी गुडघे टेकून एकेक कप एकेका कबरीवर मांडला.

"पण यातले दोघं तुमचे नाहीत ना?" निया नाक पुसत म्हणाली. "त्यांना काय म्हणायचं?"

"काय म्हणणार? भाऊच म्हण. आणि इतकी वर्षं थर्मनच्या शेजारी असून मी कधी विचारपूस केली नाही, म्हणून माझ्या वतीने माफी माग त्यांची. मला मेलीला या वयात जमायचं नाही."