कुंभारणीचं घर

पराग मांजरेकरला लोक कॉम्प्युटरवाला म्हणत आणि तो मनातल्या मनात स्वतःला कलाकार म्हणे. पोट भरायचं ते मात्र लोकांच्या म्हणण्यावर. भाईंदर पूर्वेला स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका दुकानात तो लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स बनवी. "भाई, फोटो में थोडा गोरा कर दे," असं सांगणाऱ्या होतकरू नेत्यांना गोरं करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या नवघर परिसरात दुसरा नव्हता.

जीव होता तो किड्यांत. घराच्या खिडकीमागे मिठागरं आणि खाजण, तिथून दिवेलागणीला काय काय उडून येई. मेलेला सोनकिडा, पतंग, चतुर, जे हाती लागेल ते तो घरच्या स्कॅनरच्या काचेवर ठेवी, वर आईच्या जुन्या काळ्या साडीचा तुकडा टाकी आणि पडद्यावर तो किडा इतका मोठा करी की पायावरचे केसही दिसावेत. मग फोटोशॉपमध्ये रंगांचे थर चढत. चतुराच्या पंखातून देवळाची जाळी निघे, झुरळाच्या पाठीतून पैठणीचा काठ. ही चित्रं तो एका परदेशी वेबसाइटवर टाकी आणि कोण काय म्हणतंय याची वाट बघत बसे. कुणीच काही म्हणत नसे. बायको रुचिता तेवढी म्हणे, "अहो, जेवायच्या टेबलावर झुरळ कोण ठेवतं?"

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. रुचिताला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं मूल पोटातच, चौथ्या महिन्यात गेलं होतं, आणि तेव्हापासून हॉस्पिटलचा नुसता वास आला तरी तिच्या हातापायांना घाम फुटे. हे बाळ तरी हाती लागावं, यासाठी त्या घरातल्या तिघांचाही जीव टांगणीला लागला होता.

आणि पाचव्या महिन्यात कुंभारीण आली. बारीक कंबरेची, काळी-पिवळी माशी. तोंडात चिखलाची गोळी धरून ती खिडकीतून आत शिरे आणि हॉलच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या जरा वर, इवलंसं मडकं थापत बसे. परागची आई आशाबाई रत्नागिरीकडची. तिने ते पाहिलं आणि हातच जोडले.

"आता घोर नाही गो पोरी. कुंभारणीने घर बांधलं म्हणजे घरात पाळणा हलायचाच. फक्त ते मोडायचं नाही."

"मोडलं तर?" रुचिताने विचारलं.

"अभद्र बोलू नये," म्हणून आशाबाई आत निघून गेली.

त्या दिवसापासून रुचिता सकाळी उठली की आधी भिंतीकडे बघे, मग चहा घेई. परागही बघे, पण निराळ्या डोळ्यांनी. बोटांचे ठसे उमटल्यासारखी ती मातीची वलयं त्याला स्वस्थ बसू देईनात. एका शुक्रवारी सासू-सुना देवीची ओटी भरायला गेल्या तेव्हा त्याने स्टूल घेतलं आणि सुरीच्या टोकाने ते मडकं अलगद सोडवलं. पटकन स्कॅन करायचं आणि परत लावून टाकायचं, कुणाला काय कळतंय, असा त्याचा हिशेब.

काचेवर ठेवताच ते फुटलं.

आत हिरव्या अळ्या खच्चून भरल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक पांढरं पिल्लू एका अळीला तोंड लावून बसलं होतं. अळ्या मेलेल्या असणार असं त्याला वाटलं. पण स्कॅन पडद्यावर आला तेव्हा एका अळीच्या जागी लाल-निळी रेघ वेडीवाकडी फाटलेली दिसली. स्कॅनरचा दिवा सरकताना काही हललं तरच अशी रेघ उमटते. म्हणजे त्या जिवंत होत्या. कुंभारणीने नांगी मारून त्यांना लुळं करून ठेवलं होतं, पिल्लाला रोज ताजं खायला मिळावं म्हणून.

दुसरा एखादा असता तर त्याच्या अंगावर काटा आला असता. परागच्याही आला, नाही असं नाही. पण हात माउसवरून सुटला नाही. कलाकार ना तो!

मग त्याने फुटकी माती पुसून काढली, गणपती रंगवणाऱ्या मित्राकडून शाडू आणला, हुबेहूब तसंच मडकं वळलं, पंख्याखाली वाळवलं आणि कॅलेंडरच्या वर फेविकॉलने चिकटवून टाकलं. संध्याकाळी आशाबाईने नेहमीसारखे हात जोडले. परागने मान वळवली.

चित्र पुरं व्हायला बरेच दिवस लागले. मडक्याची त्याने घुमटाची खोली केली आणि अळ्यांच्या केल्या हिरव्या शालूतल्या बायका, ओळीने आडव्या, डोळे उघडे. नाव दिलं 'पाळणा'. वेबसाइटवाल्यांनी ते थेट पहिल्या पानावर घेतलं. कुठकुठल्या देशांतून शाबासकी आली. पराग हरखून गेला.

रुचिता पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली. "या बायका झोपल्यात की मेल्यात?"

"झोपल्यात," तो म्हणाला.

इकडे ती कुंभारीण येतच राहिली. मडक्याभोवती घिरट्या घाली, जराशी टेके, चटका बसल्यासारखी उडे. "बघ कशी राखण करतेय," आशाबाई कौतुकाने म्हणे. परागच्या मनात पाल चुकचुकली. पुढे पुढे माशी यायची बंद झाली, आणि तेही कुणी मनावर घेतलं नाही.

आठव्या महिन्यात एके सकाळी रुचिता म्हणाली, "अहो, बाळ आज हललं नाही."

"चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"नको!" ती एकदम ओरडली. मग भिंतीकडे बोट दाखवून स्वतःचीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "घर शाबूत आहे ना. काही होत नाही."

"आठव्यात पोर जरा सुस्तावतं," आशाबाईने दुजोरा दिला. "पडून राहा तू."

परागच्या ओठांवर आलं होतं, की ते घर मी वळलंय, त्यात काही नाही. पण सांगितलं तर तिला धसका बसेल, आई जन्मभर तोंड बघणार नाही. शिवाय आईने बाळंतपणं काढली आहेत, तिला जास्त कळतं. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणं चालत येतात. तो मूग गिळून दुकानात गेला आणि दिवसभर कुणा नगरसेवकाच्या भाच्याला गोरं करत बसला.

रुचिता पडून राहिली, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतःहूनच रिक्षा बोलवायला सांगितलं, तेव्हा उशीर झाला होता. मीरा रोडच्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि बंद केलं. बाळाचे ठोके थांबले होते.

"कल क्यों नहीं लाए?" बाईंनी विचारलं.

"मी थांबवलं," आशाबाई पुढे होऊन म्हणाली. "माझी चूक. याची काही नाही." परागने ती चूक आईच्या नावावर जाऊ दिली.

रुचिताला घरी आणलं त्या दिवशी आशाबाईने भिंतीकडे न बघता सांगितलं, "काढ ते. मला बघवत नाही. खोटारडी मेली."

परागने सुरी लावली. मडकं हलेना. जोर केला तेव्हा गिलाव्याचा पोपडा घेऊनच ते निघालं आणि खाली पडलं. आशाबाई वाकली. तुकडा उचलून बोटांत चुरला, मागची पिवळट खळ नखाने खरवडली, मग मातीचा वास घेतला.

"ही गणपतीची माती आहे," ती म्हणाली. "पराग, हे कधी केलंस?"

"तुम्ही ओटी भरायला गेला होतात तेव्हा."

आतल्या पलंगावर रुचिता जागी होती. तिचा आवाज अगदी साधा आला, भाजी काय करू विचारावं तसा.

"म्हणजे मी कुणाच्या भरवशावर पडून होते?"