शांतीच्या प्रार्थनेतली एक ओळ

सीमेवर तणाव वाढला, तेव्हा सोलापुरातल्या आमच्या चर्चनं शांतीची प्रार्थना लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. बैठकीत मी दोन्ही हात पसरून, आवाज कापरा करून ती वाचली, "प्रभू, सगळी शस्त्रं मोडून टाक!" स्वतःच्याच वाचनानं माझे डोळे भरून आले.

मागच्या बाकावरचे निवृत्त सुभेदार उठले. "माझी लेक सीमेवर हाय. तिच्यासाठी एक ओळ घाला की."

"सुभेदार, चर्च बंदुकीसाठी प्रार्थना करत नाही!" मी गरजलो.

"बंदुकीसाठी न्हाय, लेकीसाठी मागतोय."

पाळकसाहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला. विचार करून सांगतो, म्हणत मी ऐटीत बाहेर पडलो आणि दारामागं ठेवलेली माझी काठी उचलली. आमच्या गल्लीतली कुत्री मला पाहिलं की धावून येतात.

सुभेदारही माझ्या मागोमाग पायरीवर आले. "काठी कशाला, भाऊ?"

"मारत नाही हो कुणाला! नुसती हातात असली की कुत्री लांब राहतात."

"व्हय, आमच्या पलटणीतबी हेच सांगायचे."

हसत हसत ते मला गल्लीपर्यंत सोडायला आले.

रविवारी प्रार्थनेची पहिली ओळ त्यांची लेक सुखरूप परत यावी, ही होती. शस्त्रं मोडायची ओळही मी ठेवली. काठी मात्र अजून मोडवत नाही.