ताईचे झेब्रे

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेचे गणवेश शिवण्यात हयात गेली. लग्न केलं नाही. विधवा थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. स्वच्छतेचं मात्र वेड. मशीनखाली दोऱ्याचा तुकडा दिसला तरी शिवण थांबवून आधी तो उचलणार.

ताईला लेकीने माशांची काचेची टाकी दिली होती. त्यात झेब्रे, म्हणजे निळ्या पट्ट्यांचे बोटाएवढे मासे. सगळे मिळून इकडून तिकडे पळायचे. लेकीच्या बाळंतपणाला निघताना ताईने टाकी भावावर सोपवली.

काचेवर हिरवट थर धरला होता. तो मास्तरांच्या डोळ्यांत सलू लागला. बहीण येईपर्यंत टाकी लख्ख करून ठेवू, म्हणून त्यांनी मासे पातेल्यात काढले, काच आणि खडे साबणाच्या भुकटीने खसाखसा घासले, नळाचं ताजं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. मग कौतुकाने बघत बसले. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले तेव्हा त्यांना वाटलं, भूक लागली असेल. त्यांनी चिमूटभर खाणं टाकलं. संध्याकाळपर्यंत सगळे पोट वर करून तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी ते तसेच मासे आणायला शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, झेब्रे घ्यायचे तर घोळकाच घ्या, एकटा मासा भेदरतो. नवख्यांना हेच देतो, फार चिवट, सहसा मरत नाहीत. मास्तर मान खाली घालून पाण्याच्या पिशवीतल्या नव्या माशांकडे बघत राहिले. साबणाचा अंशही ठेवू नका आणि नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून, मुरवून वापरा, हेही त्याने सांगितलं. या वेळी त्यांनी शब्द न् शब्द पाळला.

ताई आली, टाकी बघून हरखली. मास्तर खरं काय ते सांगायला तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझ्याच हाताला मासे मानवतात रे!" मास्तर तिचं सामान उचलून आत गेले. मग ती गल्लीभर सांगत सुटली. भाजीवालीला, वाण्याला, येईल त्या पाहुण्याला. कोणी कौतुक केलं की मास्तर सुईत दोरा ओवायला घ्यायचे आणि तो काही केल्या ओवला जायचा नाही.

समोरच्या नर्सबाईंचे वडील आजारी पडले. बाईंना गावी जायचं होतं आणि त्यांच्याकडेही माशांची टाकी होती. "आमचा मास्तर आहे ना," म्हणून ताईने परस्पर शब्द देऊन टाकला.

जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. "ताई, ते तुझे मासे नाहीत," ते म्हणाले. "तुझे मी मारले. साबणाने."

ताई ताटावरून उठून टाकीपाशी गेली.

"मासे गेले ते गेले," ती म्हणाली. "पण मी सगळ्यांना सांगत होते, तेव्हा तू तिथेच बसला होतास ना रे?"

मास्तरांनी हात धुतला. ते चपला घालून तडक नर्सबाईंकडे गेले आणि दारातच उभं राहून सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. पाणी हवं का विचारलं. टाकी मात्र त्यांनी मैत्रिणीकडे ठेवली.

ताईने गल्लीत कोणाला काही सांगितलं नाही. कौतुक तेवढं थांबवलं. तेच मास्तरांना जास्त बोचायचं. नंतर एकदा जुने शेजारी आले. पोरं टाकीला नाक लावून बसली. मासे छान ठेवलेत, असं पाहुणे म्हणाले.

"हे नंतर आणलेले," मास्तर म्हणाले. "आधीचे माझ्या हातून मेले."

पाहुणे पोरांना काचेपासून मागे ओढू लागले. ताई आतून चहा घेऊन आली, सगळ्यांना दिला, भावालाही दिला आणि आज तुला टाकीचं पाणी बदलायचंय, चहा कोमट झाला की पटकन पी, एवढंच त्याला म्हणाली.