पिवळी पाटी, जांभळी पाटी

आमच्याकडं भावाभावांत फूट पडते ती बांधावरून, नाहीतर विहिरीवरून. माझ्या दोघा भावांत पडली ती नखाएवढ्या चिपवरून. कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसा बापड्यांनो, मला अजून रडू येतं.

दोघांची वसमतला कॉम्प्युटरची दुकानं, एकाच रस्त्यावर समोरासमोर. दुकानं दोन असली तरी दुपारचा डबा घरून एकच यायचा. मोठ्याच्या दुकानात बसून दोघं खायचे. मी दोघांहून मोठी, जवळच्याच हट्टा गावाला दिलेली. भाऊबीजेला दोघं एकाच मोटारसायकलवर यायचे. पाटावर आधी मोठा बसायचा, आणि धाकट्याचं लहानपणापासूनचं टुमणं सुरू व्हायचं, "आक्का, दरसाली त्यालाच काहून आधी?"

"तू आधी जन्मायचं होतं," मी म्हणायची.

मग चिप बनवणाऱ्या दोन कंपन्यांचे साहेब आले. कॉम्प्युटरचा सगळा जीव त्या चिपमध्ये असतो, हे मला तेव्हाच कळलं. एका कंपनीनं मोठ्याच्या दुकानाला पिवळी पाटी फुकट लावून दिली, भिंतीसुद्धा पिवळ्या करून दिल्या. आठवड्यात दुसरीनं धाकट्याचं दुकान जांभळं केलं. दुसरा एखादा व्यापारी दोन्ही पाट्या लावून मोकळा झाला असता. आमचे येडे पडले इमानाचे. ज्याची पाटी त्याचं मीठ, असं धरून बसले. कंपनीशी जणू सोयरीकच झाली होती.

पिवळ्या साहेबानं मोठ्याला पढवलं की समोरची चिप तव्यासारखी तापते. मोठा ते गिऱ्हाइकांना सांगत सुटला. एका शाळेला कॉम्प्युटर घ्यायचे होते आणि गुरुजी लोक धाकट्याकडं निघाले होते. मोठ्यानं त्यांना रस्त्यातच अडवलं. "तिथला माल घेऊ नका, उन्हाळ्यात पेटंल." धाकट्यानं पायरीवर उभं राहून ऐकलं.

"कंपनीबद्दल काय बी बोलावं त्यानं," तो मला म्हणाला. "पण माझ्या दारात आलेलं गिऱ्हाईक सख्ख्या भावानं फिरवावं का?"

त्या दिवसापासून डबे दोन झाले. भाऊबीजेला मोठा सकाळी यायचा, धाकटा संध्याकाळी.

पुढं काय व्हावं? तोच पिवळा साहेब नोकरी बदलून जांभळ्या कंपनीत गेला. जांभळा शर्ट घालून धाकट्याच्या दुकानात बसला, चहा प्याला, आणि मोठ्याच्या पाटीकडं हात करून म्हणाला, "वो चिप बहुत गरम होती है."

हे सांगायला धाकटा हट्ट्याला आला. माझं डोकंच फिरलं. "अरे, ज्यांचं भांडण ते एका ताटात जेवून राहिले, आन् तुमी उपाशी! रस्ता केवढा हाय तो? जा की पलीकडं."

"त्यानं यावं. मोठा हाय न्हाई का?"

मोठ्याला फोन लावला. तो म्हणाला, "त्यानं यावं. धाकटा हाय न्हाई का?"

दोघांच्या कानफटात द्यायला मी तिथं नव्हते, एवढंच.

मग लोकांचं सगळं मोबाइलवर होऊ लागलं. दुकानं ओस पडली. कुठल्याच रंगाचा साहेब फिरकेना. दोघं दिवसभर आपापल्या काउंटरवर एकमेकांकडं तोंड करून बसायचे आणि बोलायचे नाहीत.

यंदा गणपती उठल्यावर एका दुपारी मोठा खुर्चीतच कलंडला. आधी पाहिलं ते धाकट्यानं. पाहणारच, दिवसभर दुसरं पाहायला त्याच्यापुढं होतं तरी काय? इतक्या वर्षांनी तो रस्ता ओलांडून धावला, अनवाणी. पण मोठा गेला होता.

दुखवट्याच्या वर्षी सण करायचा नसतो. तरी भाऊबीजेला धाकटा आला, आणि आला तो सकाळी, मोठ्याच्या वेळेला. गोडधोड काही केलं नव्हतं. नुसतं ओवाळते म्हटलं आणि पाट मांडला. तो पाटावर बसेना. शेजारी खाली फरशीवर बसला.

"बस की रे वर."

"आक्का, त्याला आधी."

मी रिकाम्या पाटापुढं निरांजन फिरवलं. धाकटा मान खाली घालून आपल्या पाळीची वाट बघत बसला.