एक दिवस थांबा, वहिनी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचंच हसणं कानात वाजतं.

वसई पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा अधिकारी होतो. जीभ माझी पहिल्यापासून खट्याळ. रडत आलेल्या फिर्यादीला हसवून घरी पाठवायचो आणि त्याची फुशारकीही मारायचो. एका मंगळवारी सकाळी चाळिशीतली एक बाई आली. नवरा सातिवलीच्या एका कारखान्यात कामाला. सोमवारी कामावर गेला तो परतला नाही. फोन बंद.

नवरा हरवला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला. "भांडण झालं होतं का?"

"झालं होतं," ती म्हणाली. "पण साहेब, कितीही भांडले तरी ते जेवायला घरीच येतात."

"मग एक दिवस हॉटेलचं खाऊन बघू देत! रुसलेला नवरा तिसऱ्या दिवशी पाय आपटत येतो. एक दिवस थांबा, वहिनी."

ठाणे अंमलदारापासून शिपायापर्यंत सगळे हसले. तीही ओशाळून हसली आणि निघून गेली. मिसिंगची नोंद तत्काळ घ्यायची असते, हे मला तोंडपाठ होतं. मी रजिस्टर उघडलंच नाही. भांडण झालं नाही असं ती खोटं बोलली असती, तर उघडलं असतं.

बुधवारी सकाळी ती पुन्हा आली. आता मात्र नोंद घेतली, फोटो घेतला, सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश सोडला आणि हवालदाराला कारखान्यात धाडलं. तिथला एक कामगार त्याच्या कानाशी लागला. "सर, तो आलेला सोमवारी. त्याचा डबा बघा ना, अजून आतच आहे."

सुपरवायझरला ठाण्यात आणलं.

"तो सोमवारी आलाच नाही, साहेब."

मी डबा टेबलावर ठेवला आणि सावकाश झाकण काढलं. आंबलेल्या भाजीचा भपकारा खोलीभर पसरला. "घ्या, जेवा. न आलेल्या माणसाचा डबा आहे."

तो ढसाढसा रडू लागला. माणूस पोटमाळ्यावरून पडला होता, डोक्याला मार होता. मालकाच्या भीतीने याने त्याला टेम्पोत घालून रुग्णालयात नेलं आणि 'रस्त्यात सापडला' असं सांगून पळ काढला.

अनोळखी जखमीची खबर सोमवारपासून शेजारच्या ठाण्यात होती. माझा संदेश मंगळवारी गेला असता, तर तासाभरात ओळख पटली असती. आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा कळलं, तो त्याच पहाटे गेला होता.

बाईने ओळख पटवली. मी शिव्या खायच्या तयारीत उभा होतो.

"काल मी तुमच्याकडे आले, तेव्हा हे होते?"

"होते."

"मग मी इथे येऊन बसले असते," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आधी नोंद घेतली, मग प्रश्न विचारले. सुपरवायझरवर गुन्हा दाखल झाला. माझ्यावर साधा ठपकाही आला नाही, कारण ती मंगळवारी आल्याचं कुठल्याच कागदावर नव्हतं. ते आज इथे लिहितोय.