निंबाखालचा भुईचाफा

वणीच्या आमच्या घरामागे निंबाचं मोठं झाड आहे. त्याच्या सावलीत गवतही धड उगवत नाही. मला मात्र तिथेच फुलं हवी होती, तीही जमिनीला बिलगून पसरणारी. पहिल्यांदा हौसेनं सकाळी दहाच्या सुमारास उमलणारी ऑफिसटाइम लावली. तिला ऊन लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कळ्या आल्या आणि न उघडताच गळल्या. मग नर्सरीवाल्यानं सावलीत चालणारी, पिवळ्या फुलांची वेडेलिया दिली. म्हणाला, "ताई, पाहता पाहता माती दिसेनाशी होईल."

माती दिसेनाशी होणं सासूबाईंना कसं खपावं? त्या कमरेतून पार वाकलेल्या. माझा चेहरा पाहायचा तर भिंतीला धरून मान वर करावी लागते. स्वयंपाक केव्हाच सुटला. हात थरथरतात म्हणून निवडणं-टिपणंही सुटलं. राहिलं ते अंगण. रस्त्यानं कोळशाचे ट्रक चालूच असतात, त्यामुळे सकाळी सगळीकडे काळी भुकटी आणि वर निंबाची पानं. उजाडलं की सासूबाई खराटा घेतात, अंगण आरशासारखं करतात आणि सडा टाकतात.

त्या खराट्यात माझी वेडेलिया गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. माझं डोकं फिरलं.

"आई, तो कचरा नाही, झाड आहे."

"झाड आहे तं वर वाढावं. भुईवर कायले लोळून राह्यलं?"

आमच्या सासूबाईंशी वादात जिंकलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मी बोलणं सोडलं आणि निंबाखालच्या सगळ्या जागेला भोवतीनं विटा लावून टाकल्या. आता इथे खराटा नको, म्हटलं. त्या पायरीवर बसल्या, खराटा मांडीवर. म्हणाल्या, "अंगण झाकून टाकशील तं मी सकाळी उठू कायले?"

विटा मीच उचलल्या. फुलांचा नाद सोडायचा, असंही ठरवलं.

संक्रांतीला मुकुटबनची नणंद आली, तिच्यापाशी मी हे सगळं ओकले. ती हसली. पुढच्या खेपेला पिशवीत भुईचाफ्याचे गड्डे घेऊन आली. "याले सावलीच लागते, वहिनी. पावसाळ्यात पानं भुई झाकतात, तवा चिखलात आई तशीही झाडत नाई. थंडीत पानं जातात. अन् उन्हाळ्यात फूल निघते, उघड्या भुईतून."

गड्डे पुरले. त्यांच्यावरून खराटा फिरत राहिला, सडा पडत राहिला. होळी झाली, निंबाची पानगळ सरत आली, तरी काही दिसेना. कुजले असणार, असं मी धरून चालले.

चैत्रातल्या एका सकाळी खराट्याचा आवाज मध्येच थांबला. पडल्या की काय, या भीतीनं मी पिठाच्या हातानं धावले. सासूबाई नेहमीपेक्षाही खाली वाकल्या होत्या. ओल्या मातीतून पांढरं-जांभळं फूल वर आलं होतं. पान नाही, दांडी नाही. वास घ्यायला मला गुडघे टेकावे लागले. त्यांना तो उभ्या उभ्याच येत होता.

"कवाची पाहून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "कोणाचं लक्ष गेलं नसतं इथं."

बाकी अंगण लख्ख झाडलेलं होतं. फुलाभोवती मात्र वीतभर निंबाची पानं तशीच होती. एक पान मागे न ठेवणाऱ्या बाईनं ती ठेवली होती.

संध्याकाळी फुलानं मान टाकली. सासूबाईंचा चेहरा उतरला. हे एका दिवसाचंच असतं, उद्या शेजारी दुसरं येईल, असं मी सांगितलं. त्या मातीकडे पाहत राहिल्या. मग भिंतीला धरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग आज जेवायले लवकर वाढ," त्या म्हणाल्या. "उद्या लवकर उठा लागते मले."