बारा मिनिटांचं सुंबरान

फॉर्मवर ‘कार्यक्रमाचा कालावधी’ असा एक रकाना होता आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, जास्तीत जास्त बारा मिनिटं. मी बारा लिहिलं. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत मी वीस वर्षं लॉगशीट भरतोय, मला रिकामा रकाना बघवत नाही.

फॉर्म आला होता क्रोएशिया नावाच्या देशातल्या समुद्रकाठच्या एका शहराकडून. तिथं उन्हाळ्याचे दोन महिने रोज संध्याकाळी काही ना काही असतं. किल्ल्यात नाटक, चर्चच्या अंगणात गाणं, चौकात नाच. पुण्याच्या एका सरांनी आमच्या धनगरी गजी नाचाचा व्हिडिओ त्यांना पाठवला आणि तो त्यांना आवडला. आमचं पथक अकरा जणांचं, दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या आसपासच्या वस्त्यांवरचं. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन हिंडणारी ही घरं. आता कोणी ऊस लावतो, कोणी कांदा, आणि निम्मे लोक माझ्यासारखे शिफ्टला जातात. त्यातल्या त्यात इंग्रजी मला येतं, म्हणजे केमिकलच्या ड्रमवरच्या धोक्याच्या सूचना वाचण्यापुरतं, म्हणून फॉर्म माझ्या गळ्यात पडला.

आता गजी नाच बारा मिनिटांत बसतो का, तर नाच बसेल. पण नाचाच्या आधी ओवी असते आणि ओवीच्या आधी सुंबरान. सुंबरान म्हणजे देवांना एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून बोलावणं, त्यांची ठाणी सांगणं. ते झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आमच्यात ते माझे मामा गातात. गळ्यात ढोल, डोळे मिटलेले. जेजुरीच्या खंडोबापासून सुरुवात करतात, यवतचा भैरवनाथ, शिरूरचा रामलिंग असं करत भीमा ओलांडून पुन्हा दौंडकडे येतात, कुरकुंभच्या फिरंगाईला हाक देतात आणि मग वस्तीवस्तीचा म्हसोबा घेत सुटतात. याला पाऊण तास लागतो. घाई केली तर पाऊण तास.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी बारा लिहिलं आणि मामांना सांगितलं नाही.

त्यामागं एक गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या जत्रेत मामा रंगात आले होते. निम्मे देवही झाले नव्हते, तेवढ्यात कमिटीतल्या एकाने येऊन माइक काढून घेतला. वाईट काही बोलला नाही तो. ऑर्केस्ट्रावाले खोळंबलेत, आबा, आवरा आता, एवढंच म्हणाला. मामांनी आवरलं. ढोल खांद्याला अडकवून घरी आले, जेवले, झोपले. पण त्यानंतर ते कुठं गायले नाहीत. ढोल वाजवायचे, आमच्याकडून नाच बसवून घ्यायचे, गाण्याची वेळ आली की दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायचे. मी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. एरवी कँटीनच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी मी भांडतो. त्या गप्प बसण्याची लाज वाटत राहिली. मामांनी एकदा तरी असं गावं की माणसं बसून ऐकतील, एवढा एकच हट्ट मी धरून बसलो होतो, आणि तो गावात पुरा होईना तर क्रोएशियात होऊ दे म्हटलं.

बोलावणं पक्कं झालं तेव्हा मामा आपण होऊन म्हणाले की तिथं मी गातो. मला इतका आनंद झाला की बारा मिनिटांची गोष्ट मी आणखी महिनाभर पोटात ठेवली. शेवटी सांगितली ती त्यांच्या कांद्याच्या चाळीत. मामा सडके कांदे निवडून बाजूला टाकत होते. ऐकून त्यांनी हात थांबवले नाहीत. कांदे निवडता निवडताच विचारलं, “मग कुठला द्येव ठिवायचा आन् कुठला काढायचा?”

त्या रविवारी आम्ही देवांची यादी आणि मोबाइलचं घड्याळ समोर ठेवून बसलो. देव कमी करायचं काम किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. खंडोबा काढायचा प्रश्नच नव्हता. एका गड्याच्या शिरूरकडच्या सासरवाडीचा देव काढू म्हटलं तर तो म्हणाला, मग मला पण काढा. झांजवाल्याच्या बांधावरचा म्हसोबा यादीत शेवटी होता, पण मुलीचं लग्न ठरताना झांजवाला त्याच म्हसोबाला नवस बोलला होता. मी हिशोबी माणसासारखं सांगून पाहिलं की मोठे पाच ठेवू, बाकीच्यांना एकत्र नमस्कार करू. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच माइक काढून घ्यायला आलोय. आणि खरं सांगायचं तर मी तेच करत होतो.

मामांनी ढोल खाली ठेवला. “मी येतो. ढोल वाजवतो. तोंड उघडायचा न्हाई,” ते म्हणाले. “तुमी नाचा.”

मी चिडलो. एवढा व्हिसा काढला, रजा मंजूर करून घेतली, साहेबाची टोमणेबाजी ऐकली, आणि हा माणूस आता तोंड उघडणार नाही. घरी येऊन बायकोपुढं तणतणलो. तिने शांतपणे विचारलं की बारा कुणी लिहिलं. मी पाणी पिऊन झोपलो.

बाजरीची पेरणी उरकून आम्ही निघालो. विमानतळावर भंडाऱ्याच्या पुड्या बघून तपासणाऱ्या बाईने भुवया उंचावल्या. ही हळद आहे आणि देवाची आहे हे सांगायला मला माझं सगळं इंग्रजी लागलं.

शहर सुंदर होतं. पांढऱ्या दगडाचं, गल्ल्या आमच्या गोठ्याच्या बोळाएवढ्या, आणि खाली निळाशार समुद्र. ऊन आपल्या वैशाखासारखं, फक्त घाम जास्त. आमची व्यवस्था बघायला एक तरुण बाई नेमलेली होती. तिच्या हातात कायम एक फाइल असायची आणि पायाला चाकं लावल्यासारखी ती पळायची. तिने आम्हाला स्टेज दाखवलं, चर्चसमोरच्या चौकात. स्टेजच्या पुढच्या कडेला खाली एक घड्याळ बसवलं होतं, ते बारापासून उलटं शून्याकडे जाणार होतं. आमच्यानंतर व्हायोलिनवाले होते. ती गोड हसून म्हणाली की शून्य म्हणजे शून्य.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्यांचे कार्यक्रम बघितले. तिथले आठ-नऊ बाप्ये खांद्याला खांदा लावून अर्ध्या गोलात उभे राहिले आणि कुठल्याही वाद्याशिवाय गायले. मामा उभ्यानेच ऐकत होते. माणसं खुर्च्यांवर बसून, पायरीवर बसून, अगदी गप्प ऐकत होती. मामा परत येताना एवढंच म्हणाले की हितं ऐकत्यात माणसं. मला वाटलं, आता विरघळतील. विरघळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमचा कार्यक्रम होता. दुपारचं जेवण झाल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, या गावचा देव कोण. माझं टाळकं आधीच तापलेलं होतं. तुम्ही गाणार नाही ना, मग देव कशाला पाहिजे, असं मी फाडकन बोललो. बोलल्यावर वाईट वाटलं, पण बोलून गेलो होतो.

मामा रागावले नाहीत. “दुसऱ्याच्या गावात पाय ठिवलाय,” ते म्हणाले. “वळख नको व्हय?”

मी फाइलवाल्या बाईला विचारलं. ती आधी हसली. मग थांबली आणि म्हणाली, आहे की, आमच्या शहराचा संत आहे. स्वतः आम्हाला त्या चौकातल्या चर्चमध्ये घेऊन गेली. मामांनी पायताण बाहेर काढलं. मेणबत्त्या लावणारी एक म्हातारी त्यांना खुणेने सांगत होती की राहू द्या, चालतं. त्यांनी ऐकलं नाही, अनवाणीच आत गेले. संताची मूर्ती होती, हातात गाव धरलेलं, छोटंसं, तटबंदीसकट. वर्षातून एकदा त्याला गावभर मिरवतात असं बाईने सांगितलं. मामा म्हणाले, म्हंजी पालखी. मी तिला तसंच सांगितलं आणि तिने मान डोलावली. मामांनी त्या संताचं नाव तिच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं आणि ओठांतल्या ओठांत घोळवत राहिले. ते नाव मी इथं लिहीत नाही. मामा ते आपल्या पद्धतीने म्हणतात आणि माझ्या कानात आता तेच बसलंय.

बाहेर पायऱ्यांवर मामा पायताण घालत होते. मी घड्याळ बघितलं. चार वाजत आले होते. कंपनीत तीनला शिफ्ट बदलते, आणि मला सहज आठवलं की पहिल्या शिफ्टने चढवलेली मालाची बॅच दुसऱ्या शिफ्टला कोणी नव्याने सुरू करत नाही. ती चालूच असते. दुसरी शिफ्ट फक्त ती उतरवून घेते. हे आठवलं आणि मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. एवढे दिवस मी देव कापत बसलो होतो.

मामांना म्हणालो, “सुंबरान खाली बोटींच्या धक्क्यावरच मांडू. समदे द्येव घ्या. शेवटची बारा मिनिटं तेवढी स्टेजवर.”

मामांनी वर बघितलं. मधी तुटलं तर, त्यांनी विचारलं. तुटू द्यायचंच नाही, गात गात चालायचं, असं मी म्हणालो. त्यांनी दुसऱ्या पायताणाचा पट्टा ओढून बसवला. मग म्हणाले, भंडारा आण.

स्टेजवर आमची वेळ साडेआठची होती. साडेसातलाच आम्ही पूर्ण पोशाखात धक्क्यावर उभे राहिलो. लाल पटके, पायघोळ अंगरखे, हातात रुमाल. पोहून आलेली माणसं अंग पुसता पुसता बघत होती. मामांनी भंडारा उधळला, ढोलावर थाप टाकली आणि गळा मोकळा केला. दोन वर्षं तो आवाज मी ऐकला नव्हता. थोडा चिरका झालाय, वरच्या पट्टीला मधूनच अडतो. पण जेजुरी आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ते घाई करत नव्हते. रामलिंग आला, फिरंगाई आली, झांजवाल्याचा म्हसोबा आला तेव्हा तो गडी डोळे पुसत झांज वाजवत होता. बोटी बांधायच्या लोखंडी खुंट्यावर एक माणूस येऊन बसला, मग त्याच्याजवळ एक जोडपं जमिनीवरच बसलं. जाळं आवरणारे दोन कोळी हातातलं काम तसंच ठेवून ऐकत राहिले. शब्द एकही त्यांना कळत नव्हता. मी माणसं मोजली नाहीत, मागं वळून बघायचीही भीती वाटत होती.

सव्वाआठला आम्ही चालायला लागलो. मामा पुढं, आम्ही मागं साथ धरून, त्या अरुंद गल्ल्यांतून. ढोलाचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होत होता. वरच्या खिडक्या उघडल्या. धक्क्यावरची माणसं आमच्या मागं येत होती. चौकात लोक स्टेजकडं तोंड करून बसले होते, आणि आम्ही त्यांच्या पाठीमागून गात आलो. फाइलवाली बाई बघतच राहिली. तिने माझ्याकडं बघून हात पसरले, मी जोडले. आम्ही स्टेजवर चढलो आणि घड्याळ बारावरून खाली सुटलं.

मला वाटलं होतं की देव संपले. आता ओवीची दोन कडवी आणि नाच. पण मामा प्रेक्षकांकडे वळलेच नाहीत. ते चर्चच्या दाराकडं तोंड करून उभे राहिले, चिमूटभर भंडारा त्या दिशेला उधळला आणि वस्तीवरच्या म्हसोबाला घालतात तशीच, त्याच चालीत, त्या गावच्या संताला हाक घातली. एक देव त्यांनी मागं ठेवला होता. ज्या गावचा देव, त्या गावालाच ऐकू जावा म्हणून.

चौकातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. आपल्या कानांवर त्यांचा विश्वास बसला नसावा. मग मागच्या रांगेत मेणबत्त्यावाली म्हातारी उठून उभी राहिली आणि तिने ते नाव परत म्हटलं, नीट, त्यांच्या उच्चारात. मामांनी पुन्हा हाक घातली. या वेळी तिच्याबरोबर आणखी माणसं बोलली. तिसऱ्यांदा अख्ख्या चौकाने नाव घेतलं. बसलेली माणसं उभी राहिली होती, आणि कोणाचा हात छातीवर होता, कोणाचा कपाळावर.

मामांनी ढोल हाताने दाबून धरला. माझ्याकडं वळून बघितलं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा चेहरा इतका कोवळा मी कधी बघितला नव्हता.

“ऐकत्यात रं,” ते हळूच म्हणाले.

मी व्हय म्हणालो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. खाली घड्याळात सात मिनिटं उरली होती. मामांनी ढोलावर थाप टाकली आणि आम्ही त्यांच्याभोवती फेर धरला.